कोड गेला, पण का गेला?

भाची : मामा, या वेळी मी मेकॅनिकला फोन केलाच नाही. सकाळी नळ सोडला, गीझरची टिकटिक सुरू झाली, आठ-दहा ठिणग्या पडल्या आणि पडद्यावर ई-वन. मागच्या हिवाळ्यात हेच झालं होतं. तेव्हा बडोद्याहून सावलीत माणूस यायला दोन दिवस लागले, तोवर आम्ही शेगडीवर पातेली चढवत बसलो. तो आला, खालचं झाकण सरकवून दोन मोठे सेल बदलले, साडेचारशे रुपये घेतले आणि ‘सर्व्हिस झाली’ म्हणून गेला. पाच मिनिटांचं काम! या वेळी मी माहितीपुस्तिका शोधून काढली. ई-वन म्हणजे इग्निशन फेल. गॅसच्या बाटल्याचा नॉब उघडा आहे का, पाहिलं. नळाला धार नेहमीसारखी आहे का, पाहिलं. मग सेल बदलले. ई-वन गेला. यंत्र स्वतःहून सांगतंय काय दुखतंय ते, आणि आपण मात्र दरवेळी हात जोडून परक्या माणसाची वाट बघायची, हे मला पटत नाही.

मामा : साडेचारशे वाचवलेस, चांगलं केलंस. पण ई-वन म्हणजे ज्योत पेटली नाही, असं तुला वाटतंय. यंत्र तसं म्हणत नाहीये. ते म्हणतंय, मला ज्योत दिसली नाही. मंजुसरच्या जीआयडीसीत आयुष्यातली बावीस वर्षं मी बॉयलरसमोर काढली, ती या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत. तुझ्या गीझरच्या बर्नरवर दोन काड्या आहेत. एक ठिणगी टाकणारी, दुसरी ज्योतीत उभी. ज्योतीतून अगदी किंचित वीज वाहते, ती त्या दुसऱ्या काडीला लागली की आतल्या बोर्डाला कळतं, पेटलं. काडीवर काजळी बसली, तिची वायर सैल झाली, ती जरा वाकली, की ज्योत फुरफुरत असली तरी बोर्ड आंधळा. तो गॅस बंद करतो आणि ई-वन दाखवतो. सेल उतरले तरी ई-वन. बाटला संपत आला तरी ई-वन. नळीत हवा शिरली तरी ई-वन. कोड एक, आणि त्यामागे पाच-सहा कारणं दडलेली. तू त्यातलं एक निवडलंस आणि नशिबाने ते निघालं.

भाची : नशीब कसलं, क्रम होता त्यात. सोपं आणि स्वस्त आधी तपासायचं, मग पुढचं. डॉक्टर तरी वेगळं काय करतात? आणि तुमच्या त्या आंधळ्या काडीचंच घ्या. काडीला वीज लागत नाही म्हणून गीझर बंद पडतो, हे आत्ता तुम्ही मला दोन मिनिटांत सांगितलंत आणि मला समजलं. मग हे पुस्तिकेत का नाही? तिथे एक ओळ इंग्रजीत आणि खाली ‘कंपनीच्या सेवाकेंद्राशी संपर्क साधा’. आपल्या बडोद्यात १८९० साली गज्जर सरांनी कलाभवन काढलं ते रंगकाम, यंत्रविद्या असले विषय देशी भाषेत शिकवायला. सयाजीराव महाराजांचा त्याला आधार होता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आज त्याच बडोद्याशेजारी न्हाणीघरात टांगलेल्या यंत्राचं दुखणं मला समजेल अशा भाषेत लिहिलेलं नाही. ही अडचण माझ्या हातांची नाही, मामा. कळू न देण्याची आहे.

मामा : भाषेचं म्हणतेस ते मान्य. माझी फर्स्ट क्लास अटेंडंटची परीक्षा झाली तेव्हा निम्मे शब्द मी पाठ केले होते, अर्थ नंतर हातांनी शिकलो. पण आता एक ऐक. आमच्याकडे तीन टनी बॉयलर होता, गॅसवर चालणारा. बर्नरला अल्ट्राव्हायोलेट सेल, म्हणजे ज्योत बघणारा डोळा. पॅनेलवर लाल दिवा आणि खाली छोट्या पडद्यावर कोड. एका रात्रपाळीत कोड आला, फ्लेम फेल्युअर. आत प्रॉडक्शन थांबलेलं, शिफ्ट इन्चार्ज डोक्यावर उभा. मी रीसेट दाबलं. पंखा फिरला, पायलट लागला, मुख्य गॅस उघडला, पुन्हा लाल. पुन्हा रीसेट. चौथ्यांदा दाबलं आणि धप्प! मागच्या दरवाजाच्या फटीतली दोरी बाहेर आली, माझ्या डाव्या भुवईचे केस जळाले. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. आता तू सांग, कोड खोटा होता का?

भाची : नाही. ज्योत टिकत नव्हती, ते खरंच होतं ना?

मामा : अगदी खरं होतं. पण पॅनेलला माहीत नव्हतं ते दुसरंच. पेटवण्याआधी पंखा भट्टीतली जुनी हवा पूर्ण झाडून काढतो, त्याला प्री-पर्ज म्हणतात. आधीचा न जळलेला गॅस भट्टीत राहू नये म्हणून ते असतं. बॉयलर लवकर उठावा म्हणून कुणीतरी त्या पर्जचा टायमर कमी करून ठेवला होता. दर वेळी ज्योत विझायची, थोडा कच्चा गॅस आत राहायचा आणि अर्धवट झाडून पुन्हा ठिणगी. चार वेळचा साठला. पॅनेल म्हणत होतं, ज्योत नाही. भट्टीत गॅस साठतोय, असं सांगणारा कोड त्यात नव्हताच. मी पडद्याकडे बघत राहिलो. भट्टीच्या काचेतून एकदा डोकावलो असतो, दोन रीसेटनंतर हात बांधून उभा राहिलो असतो, तर भुवई राहिली असती. तेव्हापासून दुसऱ्या रीसेटनंतर कारण सापडल्याशिवाय तिसरा नाही, हा नियम मी खडूने पॅनेलवरच लिहून ठेवला.

भाची : हा नियम मी लिहून घेते. पण ही गोष्ट माझ्या बाजूची आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्या रात्री पॅनेलने चार वेळा नाही म्हटलं. माणसांनी चार वेळा ऐकलं नाही. टायमरही माणसानेच कमी केला. आणि तुमच्या लॉगबुकचं काय? तुम्हीच हसत सांगायचात, पहाटे साडेपाचला उठून रात्रभराचे दाब आणि पाण्याची पातळी एका बैठकीत भरणारे अटेंडंट होते म्हणून. सगळ्या रकान्यांत सारखाच आकडा, शाईसुद्धा एकच. आजचे कंट्रोलर शेवटचे कोड साठवून ठेवतात, कितव्या सुरुवातीला काय झालं ते. मॅनेजरला काय ऐकायला आवडेल, याची त्या यादीला फिकीर नसते. अपघात झाला की माणूस म्हणतो, अचानक झालं. यादी दाखवते, तीन आठवडे बर्नर रोज एकदा बंद पडत होता. अशा साक्षीदाराला तुम्ही अर्धवट म्हणून बाहेर काढताय.

मामा : लॉगबुकाचं तू बरोबर पकडलंस. त्यात मीही होतो. साक्षीदाराला मी बाहेर काढत नाही. जे त्याने पाहिलंच नाही तेही त्याच्या तोंडी घालू नये, एवढंच. बॉयलरवर आम्ही पाण्याची पातळी गेज ग्लासमध्ये डोळ्यांनी बघायचो. त्यावर मोब्रे फ्लोट होताच. पाणी जरा खाली गेलं की घंटा, अजून गेलं की बर्नर बंद. तरी दर पाळीला फ्लोटची टाकी ब्लो-डाउन करून तो खरंच खाली पडतो का ते तपासायचं. कारण गाळ बसला की फ्लोट वर अडकतो आणि पाणी संपलं तरी पॅनेल हिरवं. त्या वेळी कोड येत नाही गं! सगळ्यात भीतीदायक बिघाडाला कोड नसतो, कारण कोड देणारा भागच बिघडलेला असतो. आणि तशा तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये घाबरून गार पाणी सोडलं, तर पुढचं विचारू नकोस.

(लिहिणारीने मध्ये तोंड घालू नये, पण एक आठवण द्यायला हवी. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा पहिल्या बातम्यांत बॉयलर फुटला असंच छापून आलं. नंतर कळलं, तो रासायनिक रिअ‍ॅक्टर होता. आपल्याकडे कारखान्यात जे फुटतं ते बॉयलर, हे ठरलेलं आहे. एका शब्दात सगळं बसवण्याची हौस फक्त छोट्या पडद्यांनाच असते असं नाही.)

भाची : बॉयलरवर निदान तुम्ही होतात. कायदाही होता.

मामा : होता, आणि उगाच आलेला नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यावरून पुढच्या वर्षी बंगालात कायदा झाला. मग सगळ्या देशासाठी १९२३ चा. तो आता बदलून २०२५ चा आलाय. त्यात २५ लिटरपेक्षा मोठं, वाफ तयार करणारं दाबाखालचं भांडं म्हणजे बॉयलर. त्याची नोंदणी, दर वर्षी इन्स्पेक्टर, समोर प्रमाणपत्रवाला माणूस. तरी आपल्या बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत डिसेंबर २०२१ मध्ये स्फोट झालाच आणि कारखान्याच्या आवारात राहणारी माणसंही गेली. तुझा गीझर या व्याख्येत कुठेच बसत नाही. वाफ नाही, २५ लिटर नाहीत. म्हणजे इन्स्पेक्टर नाही, अटेंडंट नाही. गॅस मात्र तोच आणि आगही तीच.

भाची : म्हणूनच तर मी म्हणते, घरातला अटेंडंट मीच. नाहीतर कोण? दादाचंच बघा ना, इंग्लंडात लेस्टरला. त्याच्या स्वयंपाकघरात कपाटाएवढा बॉयलर. घर तापवायचं आणि पाणीही. मागच्या थंडीत एके सकाळी पडद्यावर एफ-२८. प्रज्वलन अयशस्वी. त्याने पुस्तिका बघितली, मग बाहेर जाऊन भिंतीवरची पांढरी नळी बघितली. त्या बॉयलरांच्या धुरातलं पाणी थेंब थेंब त्या नळीतून बाहेर जातं. ती गोठली होती. कोमट पाणी ओतलं, उकळतं नाही, आणि रीसेट. बॉयलर सुरू. तिकडे सगळे हे करतात. पाण्याचा दाब एक बारच्या खाली गेला तर तो भरूनही घेतात. पण बॉयलरचं पुढचं कव्हर काढायचं तर गॅस सेफ नोंदणीवालाच माणूस. २००९ पासून ही नोंदणी. त्याच्याकडे कार्ड असतं, आणि कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं की कोणकोणत्या उपकरणावर त्याला हात लावता येतो. दादा ते कार्ड उलटं करून बघतो. मला हीच रेघ हवी आहे. पाणी, सेल, बाटला, नळ माझ्याकडे. कव्हरच्या आतलं त्यांच्याकडे.

मामा : रेघ चांगली आहे. पण ती लेस्टरला चालते, कारण रेघेच्या पलीकडे कार्डवाला माणूस उभा आहे. इथे पलीकडे कोण आहे? जो परवा शेजाऱ्यांचा पाण्याचा फिल्टर लावून गेला, तोच तुझ्या गीझरचं कव्हर काढतो. चांगला मुलगा आहे, हातही स्वच्छ आहे. पण गॅसचं काम तो कुठे शिकलाय, असं त्याला कुणी विचारलं नाही. तू विचारलंस?

भाची : नाही विचारलं.

मामा : मीही नाही. अजून एक. ही रेघ कव्हरवर आखलीस, कारण कव्हर दिसतं. मी ती दुसरीकडे आखेन. समज, तू सेल बदललेस आणि आठवड्याने पुन्हा ई-वन आला. सेल कव्हरच्या बाहेरच आहेत, तुझ्या रेघेप्रमाणे तू पुन्हा बदलशील. मी म्हणतो, एकाच उपायाने एकच कोड दोनदा गेला तर तिथून पुढे आपण थांबायचं. आपण कारण काढलेलं नाही, लक्षण दाबलंय. उलट, कोड नसताना बोलवायची वेळ येते ती वेगळी. निळी ज्योत पिवळी पडली. गीझरच्या डोक्यावर भिंत काळवंडली. पेटताना फुस्स करून उशिरा पेटला. अंघोळ करून आलेल्या माणसाचं डोकं दुखतंय. यातल्या एकालाही तुझ्या पुस्तिकेत आकडा नाही. आणि वास आला तर मेकॅनिकही नाही. बाटला बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन.

भाची : थांबा, डोकेदुखीचं नीट सांगा. आमचा गीझर बाथरूमच्या आत आहे.

मामा : मला माहीत आहे, म्हणून तर आलो. हिशोब सांगतो. पाण्याची चांगली धार तापवायची तर तुझा गीझर शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम लावल्याएवढा गॅस खातो. तासभर चालला तर पाऊण किलोच्या वर. एक किलो गॅस नीट जळायला पंधरा-सोळा किलो हवा लागते, म्हणजे बारा-तेरा घनमीटर. तुझं बाथरूम पाच बाय सहा फूट, उंची नऊ. त्यात मिळून साडेसात घनमीटर हवा. सगळी हवा संपायची वाट बघावी लागत नाही. थोडी कमी पडली की गॅस अर्धा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो. कधी फिट आल्यासारखं होतं, घरच्यांना वाटतं मिरगी. डॉक्टरांनी याला नावच दिलंय, गॅस गीझर सिंड्रोम. आणि त्या वेळी पडद्यावर काय असतं सांग?

भाची : बेचाळीस अंश.

मामा : बेचाळीस. सुरेख काम चाललंय. पाणी गरम, ज्योत चालू, कोड नाही.

(इथे आजीच्या बंबाची गोष्ट निघाली. ती सविस्तर लिहायची नाही असं ठरवलं होतं, तरी थोडी. पिलाजीराव गायकवाडांना ज्या गावात अग्नी दिला, त्या सावलीतल्या जुन्या मराठी घरांत तांब्याचा बंब असायचा. मोरीच्या बाहेर, अंगणात. मधल्या नळकांड्यात ढलप्या आणि कोळसे, भोवती पाणी, वर धुराडं. बंब आत आणला की सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे, म्हणून कुणी तो आत आणत नसे. मामांचं म्हणणं, तो धूर हाच कोड होता आणि त्याला पुस्तिका लागत नव्हती. भाची म्हणाली, कोळसे लाल झाले की धूर जातो आणि विष राहतंच, तेव्हा बंबाचं फार कौतुक नको. दोघांचंही बरोबर आहे.)

भाची : मग उपाय यंत्रातच काढता येतो. काही गीझरांत हवा कमी पडली की ज्योत विझवणारं साधन असतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो. म्हणजे ज्याला आज कोड नाही, त्याला उद्या कोड येईल. तुमच्या अडकलेल्या फ्लोटवरही दुसरा स्वतंत्र फ्लोट बसवतातच ना? तुमचा राग कोडवर नाही, मामा, कोड कमी आहेत त्यावर आहे.

मामा : पुढचा कोड मागच्या कोडाची चूक भरून काढतो, हे खरं आहे. अलार्म आण, उद्याच आण. पण त्याआधी गीझर बाहेर गॅलरीत काढ, पाइप भिंतीतून आत घे. अलार्म लावून विष मोजत बसण्यापेक्षा ते विष तयार होतं ती जागाच बदल. हे काम कोड सांगणार नाही, कारण गीझर कुठे टांगलाय हे गीझरला माहीत नसतं. आणि एक्झॉस्ट पंखा लावला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. दाराखाली फट नसेल, खिडकी बंद असेल, तर पंखा हवा ओढायला गीझरच्याच वरून धूर खाली ओढतो.

भाची : हे करते. पण मग माझा मूळ मुद्दा परत येतो. गॅलरीत काढायला माणूस बोलवायचा, तो कार्ड नसलेला. तो नीट करतोय की नाही, हे बघायला मला समजायलाच हवं. काडी, पाण्याचा दाब, धुराडं, सगळं. कोड समजणं म्हणजे मी मेकॅनिक होणं नव्हे. पण मेकॅनिक काय म्हणतो ते मला तपासता यायला हवं. तुम्ही म्हणाल, थोडं कळलं की माणूस धाडसी होतो. मला तर जे अजिबात कळत नाही, त्याच्या बाबतीत मी जास्त धाडसी असते. गेली सहा वर्षं बंद बाथरूममध्ये अंघोळ करत होते की!

मामा : (थोडा वेळ गप्प.) हे मात्र मी कधी असं पाहिलं नव्हतं. ठीक. मग तपासायलाच बसू. सकाळचे जुने सेल कुठे आहेत?

भाची : कचऱ्यात टाकणार होते. हे काय, ओट्यावर.

मामा : तो टॉर्च दे. मोठ्या सेलचाच आहे ना? घाल आत.

भाची : लागला.

मामा : लख्ख लागला.

भाची : एलईडी आहे, मामा. त्याला मेलेले सेलही पुरतात. ठिणगी पाडायला आणि गॅसचा व्हॉल्व्ह धरून ठेवायला जास्त ताकद लागत असेल.

मामा : असेल. तसंही असेल. पण सेल काढलेस तेव्हा दुसरं काय झालं ते सांग. बोर्डाची वीज गेली. म्हणजे तू नवे सेल घालून गीझर दुरुस्त केलास, की नुसता रीसेट दाबलास?

भाची : ते आता कसं कळणार?

मामा : जुने परत घाल, आणि नळ सोड. मी गॅलरीचं दार उघडून धरतो.